वामनवृक्षांच्या गांवीं

संग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जुन्या तलवारी, नाणीं, ताम्रपट आणि कांचेच्या कपाटांवर बसलेली धूळ उभी राहते. आज ज्या संग्रहालयाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तेथें यांपैकीं कांहीं नाहीं. तेथील ठेवा जिवंत आहे. त्याला रोज पाणी घालावें लागतें, आणि ऐन उन्हाळ्यांत एका दिवसाची हयगय झाली तर चार-पांचशें वर्षांची पुंजी वाळून जाण्याचा संभव असतो. हें संग्रहालय जपानांत, तोकियो शहराच्या उत्तरेस सुमारें ३० किलोमीटरांवर, साइतामा शहराच्या ओमिया नांवाच्या भागांत आहे. कुंडींत वाढविलेल्या लहानखुऱ्या वृक्षांची जी कला 'बोन्साय' या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे, तिला वाहिलेलें हें सार्वजनिक संग्रहालय सन २०१० च्या मार्च महिन्यांत उघडलें. 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लावणी. आपल्याकडे त्यांस कोणी 'वामनवृक्ष' म्हणतात, तें नांव मला फार समर्पक वाटतें.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. या कलेचा भोक्ता म्हणून मी तेथें गेलों नव्हतों. प्राथमिक शाळेंत मास्तरकी करीत असतां, चौथीच्या वर्गांत जपानचा विषय निघाला कीं मी मुलांना ठरलेलें एक वाक्य सांगत असें: 'हे लोक झाडांना उपाशी ठेवून खुजीं करतात, मुलांनो, मुक्या जीवाला असें छळणें बरें नव्हे.' हें वाक्य मीं कित्येक वर्षें सांगितलें, आणि तेवढ्या काळांत एकही बोन्साय मीं जवळून पाहिलेलें नव्हतें. न पाहिलेल्या वस्तूविषयीं ठासून बोलण्याची खोड आमच्या पेशांत पुष्कळांस असते. मीही तिला अपवाद नाहीं.

माझी मुलगी व जांवई नोकरीच्या निमित्तानें तोकियोंत असतात. गेल्या कार्तिकांत मी त्यांच्याकडे गेलों होतों. एके दिवशीं मुलगी म्हणाली, "बाबा, ज्या झाडांवरून तुम्ही जपानी लोकांना इतकीं वर्षें नांवें ठेवलींत, तीं झाडें एकदां बघून तरी घ्या." मास्तराला एवढें आव्हान पुरे होतें. मात्र संध्याकाळपर्यंत परत आलें पाहिजे, अशी अट मीं घातली. कारण सात वर्षांच्या माझ्या नातीला रोज संध्याकाळीं मुळाक्षरें शिकविण्याचें काम मीं अंगावर घेतलें होतें. तिचें मराठी बोलणें चांगलें आहे, पण लिहिणें तिला येत नव्हतें, आणि तेवढें शिकवून जावें असा माझा हेतु होता.

ओमियाच्या मोठ्या स्टेशनवर गाडी बदलून एकच स्टेशन पुढें जावयाचें. तेथून थोडें पायीं चाललें कीं संग्रहालय येतें. त्याच्या आजूबाजूस जी वस्ती आहे, तिचें नांवच 'बोन्सायचो', म्हणजे बोन्सायचा मोहल्ला. आंत जाण्यापूर्वीं या वस्तीचा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे, कारण संग्रहालय येथेंच कां, याचा उलगडा त्यावांचून होत नाहीं.

येथील माळी मूळचे तोकियोंतले. १ सप्टेंबर १९२३ रोजीं, ऐन दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळीं, तोकियो व योकोहामा या शहरांना प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. चुली पेटलेल्या होत्या आणि घरें लांकडाचीं होतीं. धक्क्यानें पडझड झाली, तिच्याहून अधिक नाश आगीनें केला, आणि सुमारें एक लाख माणसें प्राणांस मुकलीं. शहराच्या जुन्या भागांत बोन्सायच्या बागा राखून असलेल्या माळ्यांनाही या आपत्तीची झळ लागली. शहर पुन्हा उभें राहूं लागलें, तेव्हां त्यांच्यापुढें प्रश्न आला कीं, दाटीवाटीच्या वस्तींत ही झाडें जगवावयाचीं कशीं? त्यांना मोकळी हवा, स्वच्छ पाणी आणि चांगली माती हवी. म्हणून कांहीं कुटुंबें आपल्या कुंड्या घेऊन सन १९२५ मध्यें ओमियाच्या रानांत राहावयास आलीं. घरदार गमावलेला मनुष्य प्रथम आपल्या निवाऱ्याचा विचार करतो. या माळ्यांनीं आपल्याबरोबर झाडांच्या निवाऱ्याचाही विचार केला.

या नव्या वसाहतीनें आपले नियमही ठरविले. येथें राहणारानें निदान दहा बोन्साय बाळगावींत. आपलें फाटक सर्वांना उघडें ठेवावें. दुमजली घर बांधूं नये. आणि कुंपण करावयाचें तें जिवंत झुडुपांचेंच करावें. पुढें दहा वर्षांत येथें तीसएक बागा झाल्या. नंतर दुसरें महायुद्ध आलें. तरुण माणसें सैन्यांत गेलीं, झाडांची निगा ही चैन ठरली, आणि पुष्कळ बागा बंद पडल्या. युद्ध संपल्यावर परदेशी लोकांच्या डोळ्यांत ही कला भरली. सन १९६४ च्या तोकियो ऑलिंपिकच्या आणि सन १९७० च्या ओसाका प्रदर्शनाच्या निमित्तानें तिची कीर्ति दूरवर गेली. सन १९८९ मध्यें जगांतील बोन्सायप्रेमींचें पहिलें जागतिक संमेलन याच ओमियांत भरलें. मात्र बागांची संख्या पुन्हा पूर्वींइतकी वाढली नाहीं. आज तेथें जेमतेम पांच-सहा जुन्या बागा उरल्या आहेत.

आतां आपण आंत जाऊं. तोकियोंत पूर्वीं ताकागी बोन्साय संग्रहालय म्हणून एक संस्था होती. तिचा संग्रह हा या संग्रहालयाचा पाया होय. येथें शंभराहून अधिक झाडें आहेत. इमारतीच्या आंत मात्र थोडींच दिसतात, आणि तीं दर आठवड्यास बदलतात. याचें कारण कळलें, तेव्हां माझा पहिला गैरसमज दूर झाला. बोन्साय हें घरांत ठेवावयाचें झाड नव्हे. तें ऊन, वारा, पाऊस व दंव अंगावर घेत बाहेर वाढतें. पाहुणा यावयाचा असला किंवा प्रदर्शन असलें, म्हणजे चार दिवस त्याला आंत आणून मानानें बसवितात आणि पुन्हा बाहेर नेतात. भेटीदाखल आलेलें बोन्साय दिवाणखान्यांतील दूरध्वनीशेजारीं ठेवून, महिन्याभरांत तें वाळलें म्हणून हळहळणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्या बिचाऱ्या झाडाचा दोष नसतो.

आंतल्या दालनांत जपानी बैठकीच्या तीन खोल्या मांडलेल्या आहेत. त्यांचीं नांवें शिन, ग्यो आणि सो. पहिली खोली अत्यंत औपचारिक, दुसरी मध्यम, तिसरी अगदीं मोकळी. प्रत्येकीच्या देवडींत टांगलेलें चित्र, त्यापुढें चौरंग आणि चौरंगावर त्या थाटाला शोभणारें झाड. ही तीन नांवें मुळांत सुलेखनाच्या तीन पद्धतींचीं आहेत, असें मुलीनें मला सांगितलें: एक सुट्या, रेखीव अक्षराची, दुसरी किंचित् धांवती, आणि तिसरी हात न उचलतां लिहिलेली. मला आपली बाळबोध आणि मोडी आठवली. झाडाच्या मांडणीला अक्षराच्या वळणाचें नांव द्यावें, ही कल्पना मला आवडली. आणि तिनें पुढें मला त्रासही दिला, तें शेवटीं सांगेन.

झाड कसें पाहावें, याच्या सूचना तेथें लिहिलेल्या आहेत. प्रत्येक बोन्सायला पुढची बाजू असते. तिच्यासमोर उभें राहावें, आणि डोळे कुंडीच्या पातळीपर्यंत खालीं आणावे. प्रथम मुळें पाहावीं, तीं मातीला कशीं धरून आहेत. मग बुंध्यावरून नजर वर न्यावी. मग फांद्या, आणि शेवटीं शेंडा. मी गुडघ्यांवर हात ठेवून वांकलों. उभ्यानें पाहतांना जें एक खुजें झुडूप दिसत होतें, तें वांकतांच प्रचंड वृक्ष झालें, आणि आपण त्याच्या सांवलींत दूरवर उभे असलेले वाटसरू आहों, असा भास मला झाला.

इमारतीच्या मागें मोकळी बाग आहे. तेथें उंच ओट्यांवर साठेक झाडें मांडलेलीं असतात. कार्तिकाचे दिवस होते. मेपलचीं पानें तांबडीलाल झालीं होतीं, आणि हाताच्या उंचीच्या एका झाडाला पिवळें फळ लागलेलें होतें. येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. पानें छाटून, मुळें छाटून लहान करतां येतात. फळ मात्र आपल्या मूळ आकाराचेंच येतें. त्यामुळें लहानशा झाडावर तें मोठें फळ आजीच्या कानांतल्या कुडीप्रमाणें डोळ्यांत भरतें.

या बागेंत कांहीं झाडांना माणसांप्रमाणें नांवें आहेत. एका पंचपर्णी पाइन वृक्षाचें नांव 'हिगुराशी'. त्याचें वय अंदाजें ४५० वर्षें सांगतात. पाहतां पाहतां दिवस मावळावा, पण पाहणें पुरें होऊं नये, अशा अर्थाचें हें नांव. दुसरा एक उत्तरेकडील थंड प्रदेशांतला स्प्रूस वृक्ष. त्याचें नांव 'तोदोरोकी', म्हणजे गर्जना. त्याचें वय अंदाजें १,००० वर्षें मानतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्मापूर्वीं कित्येक पिढ्या हें झाड रुजलेलें असावें, हा हिशेब मनांत आल्यावर मी कांहीं वेळ तेथून हललों नाहीं.

अशा फार जुन्या झाडांचा बराचसा भाग वठलेला असतो. बुंध्याचा वाळलेला भाग घांसून पांढरा केलेला असतो, आणि त्याच्या बाजूनें सालीची एक अरुंद, जिवंत पट्टी मुळांपासून शेंड्यापर्यंत गेलेली असते. वाळलेल्या फांदीला 'जिन' आणि बुंध्यावरील वाळलेल्या भागाला 'शारी' म्हणतात. तेवढ्या एका पट्टीवर वरची हिरवी पानें उभीं असतात. माळी हा वाळलेला भाग झांकीत नाहींत. वारा, बर्फ आणि वीज यांनीं डोंगरावर झाडाचें जें झालें असेल, तें दिसूं देण्यांतच ते त्याचा गौरव मानतात. महाबळेश्वराच्या पठारावर वाऱ्याच्या माऱ्यांत वाढलेलीं ठेंगणीं, वांकडीं झाडें आपण पाहिलीं असतील. जपानी माळ्याचे आद्य गुरु तशींच झाडें होत. पूर्वीं हे लोक कड्यांवर दोर लावून उतरत आणि असले जुनाट ज्युनिपर मुळांसकट काढून आणीत.

आतां माझ्या त्या 'उपाशी ठेवण्या'विषयीं. तें साफ चुकीचें होतें. बोन्सायला खत मिळतें, पाणी मिळतें, आणि कुंडीखालीं भोंकें ठेवून मुळांना हवा मिळेल अशी दाणेदार माती घालतात. लहानपण टिकतें तें छाटणीनें. कांहीं वर्षांनीं झाड कुंडींतून काढून त्याचीं वाढलेलीं मुळें थोडीं छाटतात आणि नव्या मातींत लावतात. जुन्या पाइनला हें तीन-चार किंवा अधिक वर्षांनीं करतात. छाटलेल्या मुळांना नवे तंतु फुटतात आणि झाड पुन्हा तरतरीत होतें. काळ्या पाइनचे कोंवळे कोंब उन्हाळ्याच्या आरंभीं खुडतात, म्हणजे मागाहून येणारी पालवी आंखूड पानांची येते. या झाडाची जात निराळी नसते. त्याचें बीं मोकळ्या जमिनींत टाकलें, तर इतरांसारखाच उंच वृक्ष होईल. म्हणजे वामनाच्या पोटांत त्रिविक्रम आहेच.

हें सर्व करणारा माणूस कसा तयार होतो, हें ऐकण्यासारखें आहे. उमेदवार गुरूच्या बागेंत पांच-सहा वर्षें राबतो. 'पाणी घालावयास शिकण्यास तीन वर्षें', अशी तिकडे म्हणच आहे. पाणी घालावयास काय शिकावयाचें, असें मला वाटलें. परंतु प्रत्येक कुंडीची माती, प्रत्येक झाडाची तहान आणि प्रत्येक दिवसाचें ऊन वेगळें. सर्वांना एकाच मापानें पाणी घातलें तर एक कुजेल आणि दुसरें वाळेल. पन्नास मुलांच्या वर्गाला एकाच मापानें पाजणाऱ्या मास्तरानें यावर काय बोलावें?

माणसाहून दहापट जगणाऱ्या झाडाचा मालक कोण, असा प्रश्न बागेंत हिंडतांना सारखा मनांत येत होता. तोकियोच्या राजवाड्यांत एक पाइन आहे. सतराव्या शतकांतील तिसऱ्या तोकुगावा शोगुनाच्या नांवाशीं तें निगडित आहे. शोगुन गेला, त्याची सत्ताही गेली. झाडाला पाणी मिळत राहिलें. दुसरें उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. हिरोशिमांत यामाकी नांवाच्या घराण्याची बोन्सायची बाग होती. तेथील एक पांढरा पाइन सन १६२५ पासून कुंडींत वाढत आलेला. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं त्या शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हां ही बाग त्या स्थळापासून सुमारें ३ किलोमीटरांवर होती. घराच्या कांचा फुटल्या. बागेभोंवतीं उंच भिंत होती, तिच्या आडोशानें झाडें वांचलीं, आणि घरांतील माणसेंही वांचलीं. पुढें सन १९७६ मध्यें अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षें झालीं, तेव्हां जपानांतून ५३ बोन्साय त्या देशाला भेट म्हणून पाठविण्यांत आलीं. मासारु यामाकी यांनीं आपला हाच पाइन त्यांत दिला. हें झाड कशांतून वांचलें, हें तेथें कोणास ठाऊक नव्हतें. सन २००१ मध्यें यामाकींचे दोन नातू वॉशिंग्टन येथें आजोबांचें झाड पाहावयास गेले, तेव्हां त्या हकीकतीचा उलगडा झाला. ज्या देशाचा बॉम्ब, त्याच देशाला त्याच बॉम्बमधून वांचलेलें झाड द्यावें, आणि त्याविषयीं गाजावाजा करूं नये, हें मोठेपण कोणत्या शाळेंत शिकवितात, मला ठाऊक नाहीं. तो पाइन आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांतील बोन्साय संग्रहालयांत आहे.

परंतु झाडावरचें हें प्रेम माणसाहून वरचढ होऊं नये, याचीही जाणीव त्या लोकांना जुन्या काळापासून आहे. 'हाचि नो कि', म्हणजे 'कुंडींतलीं झाडें', या नांवाचें एक प्राचीन नो-नाट्य आहे. त्याची कथा अशी: बर्फ पडत असतां एक प्रवासी भिक्षु एका दरिद्री सामुराईच्या दारीं येतो. घरांत जळण नाहीं. त्या सामुराईचें सगळें वैभव गेलेलें, उरलीं आहेत तीं कुंडींतलीं तीन आवडतीं झाडें: एक प्लमचें, एक चेरीचें आणि एक पाइनचें. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो तीं तोडून चुलींत घालतो. पुढें तो भिक्षु म्हणजे राज्याचा माजी कारभारी होजो तोकियोरी होता असें कळतें, आणि त्या तीन झाडांच्या बदल्यांत सामुराईला तीन गांवें इनाम मिळतात. त्या गांवांच्या नांवांतही प्लम, चेरी आणि पाइन आहेत. इनामाचा भाग सोडून दिला तरी चालेल. थंडीनें कुडकुडणारा अतिथी आणि आयुष्यभर जपलेलें झाड यांत मोठें कोण, हें त्या सामुराईला कोणीं सांगावें लागलें नाहीं. आपल्या 'अतिथि देवो भव'ची आठवण येथें कोणालाही होईल.

दुपार कलली होती. आम्ही निघण्याच्या बेतांत होतों, तों बागेच्या कडेला एक माळी एका लहान पाइनपाशीं बसलेला दिसला. फांद्यांना हवा तसा बांक देण्यासाठीं त्यांच्याभोंवतीं तांब्याची तार गुंडाळतात. हिला मी मनांतून बेडी म्हणत होतों. तो माळी ती तार काढीत होता. उलगडून नव्हे, तर एका छोट्या कातरीनें तिचे नखाएवढे तुकडे करून. एवढी चांगली तार कां वाया घालवितां, असें मीं मुलीकरवीं विचारलें. तो हंसला आणि त्यानें जें सांगितलें त्याचा भावार्थ असा: तार उलगडावयास गेलें तर कोंवळी फांदी मोडते. तार काय, आणखी मिळेल. आणि फांदीनें बांक धरला, कीं तार काढण्यास उशीर करूं नये. उशीर झाला तर वाढती साल तारेला गिळूं लागते, आणि मग तार काढली तरी तिचा वळ कित्येक वर्षें जात नाहीं. त्यानें शेजारच्या कुंडींतली एक फांदी दाखविली. तिच्यावर मळसूत्रासारखी खूण होती. कोणाच्या तरी हातून उशीर झाला होता.

श्रोतेहो, आपण मराठींत 'मुलाला वळण लावणें' असें म्हणतों. अक्षराचेंही वळण म्हणतों. मीं आयुष्यभर हींच दोन वळणें लावलीं. ती फांदी पाहतांना मला सन १९८६ च्या सुमाराचा माझा एक विद्यार्थी आठवला. तो डावखुरा होता. डाव्या हातानें लिहिणें म्हणजे बेशिस्त, अशी माझी त्या काळीं पक्की समजूत. मी त्याला डावा हात पाठीमागें धरून उजव्यानें लिहावयास लावीत असें. वर्षभरांत त्याचें अक्षर मोत्यासारखें झालें. हस्ताक्षराच्या स्पर्धेंत त्याला बक्षीस मिळालें, आणि साहेब तपासणीला आले म्हणजे मी त्याची वही मोठ्या अभिमानानें पुढें करीत असें. परंतु तो पूर्वीं पाटीच्या कोपऱ्यांत डाव्या हातानें बैल काढी, गाडीचीं चाकें काढी, नदींत पोहणारीं पोरें काढी. तें सगळें थांबलें. तें थांबल्याचें मला दिसलें नव्हतें असें नाहीं. मला दिसलें होतें, आणि तेंही मीं आपल्या यशांतच जमा धरलें होतें. तार लावण्याचें काम मला येत होतें. काढण्याचें काम कोणीं शिकविलें नव्हतें, आणि मीही कोणास विचारलें नाहीं.

परततांना गाडींत मी फारसें बोललों नाहीं. मुलीनेंही विचारलें नाहीं. तिच्या गप्प राहण्याचें कारण मला ठाऊक होतें. कारण माझी नातही डावखुरी आहे. गेले पंधरा दिवस मुळाक्षरें शिकवितांना मी तिच्या डाव्या हातांतली पेन्सिल हळूच काढून उजव्या हातांत देत होतों. रागावत नव्हतों, मारीत नव्हतों; पण देत होतों. मुलगी तें स्वयंपाकघराच्या दारांतून पाही आणि वडिलांचा मान राखून आंत जाई.

त्या संध्याकाळीं नात वही घेऊन बसली. 'ळ' काढावयाचा होता. तिनें पेन्सिल उचलली ती डाव्या हातानें. मग माझ्याकडे पाहिलें, आणि मी कांहीं बोलण्यापूर्वींच तिनें ती आपण होऊन उजव्या हातांत घेतली. एरवीं मला याचा आनंद झाला असता. त्या दिवशीं मला त्या कुंडींतल्या फांदीवरची खूण दिसली. मीं पेन्सिल घेतली आणि तिच्या डाव्या हातांत परत दिली. तिनें जरा संशयानें विचारलें, "चालेल, आजोबा?" मीं सांगितलें, "चालेल." तिचा 'ळ' किंचित् डावीकडे कलला होता, पण दोन्ही वाटोळीं जागच्या जागीं होतीं.

बोन्साय करणें चांगलें कीं वाईट, याचा निकाल देण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलों नाहीं. झाडाला मुळींच हात लावूं नये असें म्हणणाराचें म्हणणेंही मी समजूं शकतों. माझें सांगणें एवढेंच कीं, त्या माळ्याच्या एका हातांत तार असते आणि दुसऱ्या हातांत कातर असते, आणि कोणती केव्हां वापरावयाची हें कळण्यासाठीं तो वर्षानुवर्षें रोज सकाळीं झाडापुढें वांकतो. आपल्या घरांतही तारा लावणारे पुष्कळ आहेत: आईबाप आहेत, मास्तर आहेत, आजी-आजोबा आहेत. त्यांनीं आठवड्यांतून एकदां तरी वांकून, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन पाहावें, आणि कोठें साल तारेवर चढूं लागली आहे काय, याचा शोध घ्यावा. माझ्या हातून हें फार उशिरां झालें. आपल्या हातून तें वेळेवर व्हावें, अशी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.